उशिरा आलेलं ‘नाही’ ऐकणाऱ्या मॅडम

डॉ. वत्सला उमरीकर यांचा आणि माझा परिचय एका तक्रारीतून झाला. तक्रार माझी होती. दिलसुखनगरला एका कोचिंग क्लासच्या जिन्याशेजारी मी नुकताच बालरोगतज्ज्ञाचा बोर्ड लावला होता. एका रविवारी सकाळी पोहे खात असताना फोन वाजला आणि पलीकडून एका बाईंनी ठसठशीत मराठीत विचारलं, “डॉक्टर अनंतराव का? मी डॉक्टर उमरीकर. मुलांच्या मनाच्या आजारांवर काम करते. या महिन्यात तुमच्याकडे असं एखादं मूल आलं का, जे चांगलं बोलत होतं आणि बोलायचं थांबलं? किंवा शिकलेलं सगळं विसरत चाललंय? किंवा थिजल्यासारखं एका जागी बसून राहतंय?” मी म्हणालो, “नाही.” त्यावर त्या म्हणाल्या, “विचार करून म्हणालात, की नाश्ता गार होतोय म्हणून?”

दुसऱ्याच दिवशी मी ही कुरकुर घेऊन एका ज्येष्ठ डॉक्टरांकडे गेलो. कोण या बाई, माझ्या रविवारावर यांचा काय हक्क, वगैरे. ते हसले आणि म्हणाले, “म्हणजे तुमचंही नाव चढलं. आता सुटका नाही.” सुटका खरोखरच झाली नाही. आज मॅडम पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा फोन येऊन गेल्याशिवाय आमच्या घरी कढई चढत नाही. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला ‘आटोपशीर लिहा’ असं बजावलं आहे. त्यांचंही बरोबर आहे. हैदराबादच्या मराठी घरांतल्या पुढच्या पिढीला मराठी वाचता येत नाही, असे लेख कुणीतरी वाचून दाखवावे लागतात. माझ्या मुलाला हा त्याची आई वाचून दाखवणार आहे. तिच्या घशाचा विचार करून प्रयत्न करतो.

मुलांच्या मनाचे काही आजार इतके विरळ असतात, की एका डॉक्टरला उभ्या आयुष्यात तसं एखादंच मूल दिसतं. आणि दिसतं तेव्हा ओळखू येत नाही, कारण आधी कधी पाहिलेलं नसतं. मग कुणी म्हणतं हट्टी आहे, कुणी म्हणतं परीक्षा चुकवायचं नाटक आहे, घरचे म्हणतात बाहेरचं काही लागलं. तोवर औषधानं सुधारू शकणारं मूल हातातून जायला लागतं. यावर उपाय म्हणून मॅडमनी काय करावं? शहरातल्या आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या डॉक्टरांना दर महिन्याला, न चुकता, विचारायचं ठरवलं. प्रत्येकानं पाहिलेलं एकेक मूल एकत्र मांडलं, की हा आजार कोणत्या वयात येतो, आधी काय दिसतं, मूल कुठल्या दारात पहिल्यांदा जातं हे हळूहळू कळू लागतं. डॉक्टरांना असं नियमानं विचारण्याची पद्धत इतर देशांतही आहे. तिकडे पत्रं जातात. मॅडमनीही आधी पत्रंच पाठवली होती. उत्तरं आली नाहीत. हैदराबादेतला डॉक्टर पत्राला उत्तर देत नाही, पण फोनवर ‘सलाम, खैरियत’ झाल्याशिवाय फोन ठेवतही नाही, हे ओळखून त्यांनी फोन हातात घेतला.

या कामातली त्यांची सर्वांत कडक शिस्त म्हणजे ‘नाही’ हे उत्तरही तोंडानं द्यावं लागतं. एकदा एका नामांकित सर्जनसाहेबांनी त्यांना सुनावलं, “काही असतं तर मीच कळवलं असतं ना!” मॅडमचा आवाज जराही चढला नाही. त्या म्हणाल्या, “तुम्ही गप्प आहात ते मूल दिसलं नाही म्हणून, की तुम्ही गावाला गेलात म्हणून, हे मला कसं कळणार? ‘नाही’ म्हणा, मी लिहून घेते आणि तुम्हाला चहा पिऊ देते.” सर्जनसाहेब म्हणाले, “नाही.” पुढच्या महिन्यापासून ते फोन उचलल्या उचलल्या आधी ‘नाही’ म्हणायचे आणि मग नमस्कार करायचे. मॅडम त्यांना पुन्हा पहिल्यापासून प्रश्न विचारायच्या.

मुलाचं नाव मात्र त्यांनी कधी कुणाला उच्चारू दिलं नाही. एका लग्नात, जेवणाच्या टेबलाजवळ, एक डॉक्टर उत्साहानं सांगू लागले, “मॅडम, ते अमुक शेठ आहेत ना, त्यांच्या नातवाला...” मॅडमनी हातातली प्लेट खाली ठेवली. “वय सांगा. मुलगा की मुलगी सांगा. कोणत्या भागातलं आणि तुम्हाला आधी काय दिसलं, ते सांगा. शेठ माझ्या काय कामाचे? आणि हे सगळं उद्या फोनवर सांगा, इथे नव्हे.” डॉक्टर गोरेमोरे झाले. मी शेजारीच उभा राहून जर्दाळूचा गोड खुबानीचा मीठा घेत होतो. माझा काही अपराध नव्हता, तरी त्या आवाजानं माझी दुसरी वाटी राहून गेली.

आता ती हकीकत सांगतो, जिच्यामुळे आजही मॅडमसमोर बसताना मी जरा सावरून बसतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तोपर्यंत मी या कामात त्यांना मदत करू लागलो होतो आणि पहिल्या रविवारी त्यांच्या घरी जाऊन बसायचो. फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावलेला असे. त्या दिवशी अंबरपेठच्या डॉ. यादगिरींचा नंबर लागला. यादगिरी म्हणजे गल्लीतले जुने फॅमिली डॉक्टर. पहिल्या पावलापासून शेवटच्या खोकल्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. मॅडम मोठ्या तज्ज्ञांबरोबर अशा डॉक्टरांनाही मुद्दाम विचारत. “ही मुलं आधी माझ्याकडे येत नाहीत, अनंतराव. जेवत नाही म्हणून यादगिरींकडे जातात,” असं त्या सांगायच्या. तर मॅडमनी त्यांना तेलुगूत खुशाली विचारली आणि मग नेहमीचा प्रश्न विचारला. यादगिरी म्हणाले, “लेदु, मॅडम.” लेदु म्हणजे नाही. मी पुढचा नंबर शोधू लागलो.

मॅडमनी हात वर करून मला थांबवलं. “यादगिरीगारू,” त्या आदरानं म्हणाल्या, “तुमचं लेदु दर वेळी माझा प्रश्न संपायच्या आत येतं. आज उशिरा आलं. कोण आठवलं?”

मला तर काहीही वेगळं ऐकू आलं नव्हतं. मग यादगिरी दखनीत म्हणाले, “एक बच्ची थी, मॅडम. खाती नहीं, बोलती नहीं, खडी रहती बस. पर वो अब मेरी पेशंट नहीं है ना. बडे डॉक्टर के पास भेज दिया मैं.”

मॅडमनी लगेच कुकटपल्लीच्या त्या मोठ्या मेंदूतज्ज्ञांना फोन लावला. ते सकाळीच ‘नाही’ म्हणून मोकळे झाले होते. आता अदबीनं म्हणाले, “आली होती, मॅडम. पण ती यादगिरींची पेशंट. तपासण्या चांगल्या आल्या, मी चिठ्ठी देऊन त्यांच्याकडे परत पाठवली. त्यांच्या पेशंटबद्दल मी कसं बोलायचं?” आमच्या पेशात हा शिष्टाचार आहे आणि तो चांगलाच आहे. दुसऱ्याचा पेशंट आपला म्हणू नये. दोघेही खरं बोलले होते, दोघांनी एकमेकांचा मान राखला होता आणि ती मुलगी दोघांच्या मधोमध, कुणाचीच नसलेली, घरी उभी होती. यादगिरींकडे ते लोक परत गेलेच नव्हते.

यादगिरींनी घरी विचारून परवानगी मिळवली आणि दुपारच्या आत आम्ही तिघे अंबरपेठच्या त्या गल्लीत होतो. वडिलांचं भांड्यांचं दुकान. घराणं देगलूरकडचं, शेती सोडून शहरात आलेलं. दुकानाच्या मागेच घर. खिडक्या लावून घेतलेल्या होत्या. वडील हात जोडून म्हणाले, “डॉक्टरसाब, पोरगी दिवसभर चिवचिव करायची. आता हौ म्हणत नाही, नक्को म्हणत नाही. सगळे डॉक्टर म्हणाले, असं कधी पाहिलंच नाही. आम्ही काय करावं?” आई दाराशी उभी होती. तिला आमचं येणं मुळीच पसंत नव्हतं. “शेजारी सांगितलंय, पोरगी मामाकडे गेली म्हणून,” ती हळू आवाजात म्हणाली. “तुम्ही मोठ्यानं नका बोलू.”

अकराएक वर्षांची मुलगी कपाटाला टेकून उभी होती. ओठ सुकून पांढरे पडलेले. नजर समोर, पण कुणाकडेच नाही. तिची काकू म्हणत होती, लाडानं डोक्यावर बसलीय, दोन ठेवून दिल्या तर बोलेल. मॅडम फरशीवर बसल्या. गुडघे तेव्हाही दुखायचे त्यांचे. त्या मुलीला म्हणाल्या, “बाळ, मी तुझा हात वर उचलणार आहे. मग सोडून देईन.” त्यांनी तिचा उजवा हात खांद्याइतका वर नेला आणि आपला हात काढून घेतला. मुलीचा हात तिथेच राहिला. हवेत, तसाच. मी हे फक्त पुस्तकात वाचलं होतं. मॅडमनी तो हात दोन्ही हातांनी हलकेच खाली आणला आणि म्हणाल्या, “तुला सगळं ऐकू येतंय, मला माहीत आहे. तू नाटक करत नाहीयेस.” हे त्या घरात तोवर कुणीच म्हटलं नव्हतं. आई दारातून आत आली आणि लेकीजवळ बसली.

तरी दवाखान्यात न्यायला ती तयार होईना. “मनाच्या दवाखान्यात नक्को,” ती म्हणाली. “उद्या लगीन व्हायचंय पोरीचं. एकदा नाव पडलं की कोण करील?” यादगिरी माझ्याकडे बघू लागले. मॅडमनी तिचं म्हणणं उडवून लावलं नाही, की तिला समजुतीचं व्याख्यानही दिलं नाही. म्हणाल्या, “लग्नाचं तुम्ही आणि मी पुढे बघू. ही पाणी पीत नाहीये. आज पाण्याचं बघू. दवाखाना मुलांचा आहे, बोर्डावर मनाचं काही लिहिलेलं नाही. आणि मी नाव कुणाला सांगत नाही, विचारा यांना.” मी लग्नातली ती प्लेट आठवून जोरजोरात मान हलवली. आई उठली आणि मुलीच्या अंगावर ओढणी घातली.

या आजाराला कॅटाटोनिया म्हणतात. मूल आतून जागं असतं, पण शरीर हुकूम पाळत नाही. मुलांमध्ये तो क्वचित दिसतो. त्यावर औषध आहे, आणि कधीकधी ते फार लवकर गुण दाखवतं. त्या दुपारी दवाखान्यात तिला सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं आणि आम्ही पलंगाभोवती बसून राहिलो. काही वेळानं तिची बोटं हलली. मग मान वळली. तिनं आईकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, “आई, हात दुखतोय.” आई तिचा हात चोळू लागली आणि चोळतच राहिली. वडील आमच्यासाठी चहा आणायला म्हणून गेले आणि बऱ्याच वेळानं रिकाम्या हातांनी परत आले. चहाचं विसरलो म्हणाले.

एका इंजेक्शननं सगळं मिटलं असं नाही. पुढे तपासण्या झाल्या, औषधं चालली, मध्ये एकदा पुन्हा घसरगुंडी झाली, शाळेचं वर्ष हुकलं. पण मुलगी परत आली. इंजेक्शन मीही देऊ शकलो असतो, त्यात काही विशेष नाही. पण डॉ. यादगिरींच्या एका शब्दाला झालेला तो उशीर मला दहा जन्मांत ऐकू आला नसता. इतक्या वर्षांचं, महिन्यामागून महिना ऐकलेलं त्यांचं ‘लेदु’ मॅडमच्या कानात होतं. आम्ही ज्याला रिकामा महिना समजत होतो, तोही त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मी थक्क झालो होतो आणि अजूनही आहे.

पुढच्या महिन्यात मला वाटलं, मॅडम आता त्या दोन डॉक्टरांना फैलावर घेणार. त्यांनी काय केलं, तर सगळ्या डॉक्टरांना एकेक करून फोन केला आणि सांगितलं, “माझी चूक झाली. ‘तुमच्याकडे असा पेशंट आहे का’ असं मी इतकी वर्षं विचारत आले. आजपासून विचारणार, ‘तुमच्या डोळ्यांसमोरून असं मूल गेलं का?’ कुणाचाही पेशंट असो.” एका डॉक्टरांनी शंका काढली, की मग एकच मूल दोन-तीनदा मोजलं जाईल. मॅडम म्हणाल्या, “दोनदा मोजलं तर वय-भाग पडताळून मी एक पुसेन. एकदाही न मोजलेलं कुठून आणू?” साठी ओलांडलेल्या, नाव कमावलेल्या माणसानं इतक्या लोकांना आपण होऊन ‘चुकले’ म्हणायचं, तेही आवंढा न गिळता, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

यादगिरी मात्र मनातून खचले. फोन उचलेनात. मॅडम एका संध्याकाळी त्यांच्या दवाखान्यात गेल्या, कंपाउंडरकडून नंबर घेतला आणि शेंबड्या पोरांच्या, खोकणाऱ्या आजोबांच्या रांगेत बाकावर बसल्या. नंबर आल्यावर आत गेल्या. यादगिरी ताडकन उभे राहिले. मॅडम म्हणाल्या, “बसा, डॉक्टर. मला काही होत नाहीये. तुमचा फोन बिघडलाय, तो दाखवायला आले. आणि हे सांगायला, की ती मुलगी तुमच्यामुळे सापडली. मनाला न पटलेलं ‘नाही’ तुम्हाला पटकन म्हणता आलं नाही, म्हणून.” हे मला यादगिरींनीच नंतर सांगितलं आणि सांगताना चष्मा पुसला. फी म्हणून मॅडम त्यांच्याकडून एक इराणी चहा वसूल करून आल्या.

हल्ली आमच्या तरुण मंडळींनी या कामासाठी एक अॅप बनवलं आहे. मला वाटलं होतं मॅडम नाक मुरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, “कुणी बटण उशिरा दाबलं तर कळेल का?” मंडळी म्हणाली, “कळेल, मॅडम. सेकंदासकट.” मॅडम लहान मुलीसारख्या खूश झाल्या. आता अॅपही चालतं आणि रविवारचे फोनही चालतात, आणि माझ्यासारखे आळशी लोक दोन्हीकडून पकडले जातात.

अगदी अलीकडे घडलेलं एक सांगतो आणि थांबतो. आदिलाबादकडच्या एका डॉक्टरांनी कळवलं, नऊ वर्षांचा मुलगा आहे, थिजून बसलाय, पण आईबाप हैदराबादला आणायला तयार नाहीत. आई म्हणते, जगात असं कुणाचं झालं नाही, आमच्याच नशिबाचं आहे, लोकांना कशाला दाखवू. मॅडमनी डॉक्टरांचं ऐकून घेतलं. मग त्यांनी अंबरपेठला, त्या भांड्यांच्या दुकानवाल्यांच्या घरी फोन लावला. मी समोरच होतो. “एका आईशी बोलाल का?” त्यांनी विचारलं. “तुमचं नाव सांगायचं नाही, त्यांचं विचारायचं नाही. नको वाटलं तर नको म्हणा. मी राग मानणार नाही.”

पोरगी मामाकडे गेलीय म्हणून शेजाऱ्यांना सांगणारी, खिडक्या लावून बसलेली ती बाई. मी मनात म्हटलं, मॅडम, हे जास्त होतंय. पलीकडून उत्तर आलं, “लावा फोन.”

दोन्ही फोन जोडले गेले. आदिलाबादची आई आधी रडतच होती. अंबरपेठची आई म्हणाली, “अम्मा, रो नक्को. मेरी बच्ची भी ऐसाइच खडी रहती थी. हात उठाए तो उठाइच रहता था. अब? अब इत्ता बोलती, चुप बैठ बोलना पडता.” तिकडचं रडणं थांबलं. “सच्ची?” एवढंच ऐकू आलं. मग अंबरपेठच्या आईनं जे केलं, ते तिला मॅडमनी सांगितलेलं नव्हतं. तिनं आतल्या खोलीकडे तोंड करून लेकीला हाक मारली. आता कॉलेजात जाणाऱ्या त्या मुलीचा आवाज फोनवर आला. “आंटी,” ती म्हणाली, “उसके सामने ऐसा-वैसा कुछ नक्को बोलो. वो सब सुन रा. मैं भी सब सुनती थी.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं तो मुलगा हैदराबादला आला. त्याचे उपचार सुरू आहेत.

मॅडमना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभावं, ही माझी प्रार्थना प्रेमापोटी आहेच, पण निम्मी स्वार्थापोटी आहे. या क्षणी कुठल्यातरी घरात लावलेल्या खिडक्यांमागे एखादं मूल गप्प उभं असेल आणि सगळं ऐकत असेल. त्याच्यापर्यंत पोहोचायला मॅडमचे कान शाबूत राहोत, गुडघे साथ देत राहोत आणि त्यांचा आवाज आम्हा आळशांच्या रविवारांवर असाच हक्क सांगत राहो. त्यांच्या शंभरीचा ग्रंथ निघेल तेव्हा संपादकांनी मला विचारू नये. तो लेख त्या खिडक्यांमागच्या मुलानं लिहावा.